विश्लेषण : कॉफीच्या कपातले किती रुपये शेतकऱ्याला? ठाणे-डोंबिवलीहून ‘शाश्वत’ कॉफीचा माग कसा काढाल?

ठाण्याचा घोडबंदर रस्ता असो, डोंबिवलीचा फडके रोड असो की कल्याणचा खडकपाडा, कॉफीची दुकाने आता कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात. त्यांच्या फलकांवर आणि पाकिटांवर ‘शाश्वत’, ‘थेट शेतकऱ्यांकडून’, ‘आदिवासींनी पिकवलेली’ असे शब्दही वाढले आहेत. काही कॉफीप्रेमी तर सुटी काढून थेट मळ्यांपर्यंत जातात. पण जास्तीचे पैसे मोजून घेतलेल्या या कपातून पिकवणाऱ्याच्या हाती नेमके काय पडते? आणि असा प्रवास करायचाच झाला तर तो कुठे करावा?

‘शाश्वत’ कॉफी म्हणजे नेमके काय?

या शब्दाची कायद्याने ठरवलेली एकच व्याख्या नाही. ढोबळमानाने त्यात तीन गोष्टी येतात. पहिली, झाडे न तोडता, सावलीखाली घेतलेले पीक. दुसरी, मजुराला पुरेशी मजुरी आणि शेतकऱ्याला परवडेल असा भाव. तिसरी, नफ्यात आणि निर्णयात पिकवणाऱ्यांचा वाटा.

पहिल्या कसोटीवर भारतीय कॉफी बऱ्यापैकी उतरते. ब्राझीलमध्ये कॉफी मोठ्या प्रमाणावर उघड्या उन्हात घेतली जाते. आपल्याकडे ती प्रामुख्याने उंच झाडांच्या सावलीत, मिरीच्या वेलींच्या सोबतीने वाढते. अर्थात, इथेही अनेक मळ्यांत देशी झाडांची जागा झपाट्याने वाढणाऱ्या सिल्व्हर ओकने घेतली आहे. खरा गोंधळ दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीवर होतो, कारण पाकिटावर त्याची माहिती बहुधा नसते.

कपातील किती पैसे शेतकऱ्याकडे जातात?

एक ढोबळ गणित मांडून पाहू. समजा, शेतकऱ्याला कच्च्या, न भाजलेल्या बियांचा किलोला ५०० रुपये भाव मिळाला. भाजताना बियांचे वजन १५ ते २० टक्क्यांनी घटते. म्हणजे एक किलो भाजलेल्या कॉफीसाठी सुमारे १.२ किलो कच्च्या बिया, अर्थात ६०० रुपयांचा माल लागतो. एका कपाला १८ ग्रॅम पूड धरली तर एका किलोत सुमारे ५५ कप होतात. म्हणजे कपामागे शेतकऱ्याचा वाटा ११ रुपयांच्या आसपास. कप २०० रुपयांना विकला गेला तर हे प्रमाण साडेपाच टक्के होते. उरलेल्या पैशांत दुकानाचे भाडे, पगार, दूध, वीज, भाजणी, वाहतूक, कर आणि नफा असतो. त्यामुळे उरलेली सारी रक्कम दुकानदाराच्या खिशात जाते असे म्हणता येणार नाही.

हेच गणित उलट बाजूने पाहिले तर वेगळी गोष्ट कळते. शेतकऱ्याला किलोमागे १०० रुपये जास्त द्यायचे ठरवले, तर कपामागे खर्च वाढतो जेमतेम सव्वादोन रुपयांनी. म्हणजे ‘न्याय्य’ कॉफीसाठी कप ५० रुपयांनी महाग करण्याची गरज नसते. तसा तो महाग असेल, तर त्या ५० रुपयांतले किती मळ्यापर्यंत गेले, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

शेतकऱ्याची बाजू कमकुवत का?

भारतात २०२४-२५ मध्ये सुमारे ३.६ लाख टन कॉफी झाली. त्यातील जवळपास ७० टक्के एकट्या कर्नाटकातील आहे. बागायतदारांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक छोटे, म्हणजे दहा हेक्टरपेक्षा कमी जमिनीचे आहेत. एके काळी सारी कॉफी केंद्राच्या कॉफी मंडळाकडे जमा होई आणि मंडळच ती विकून पैसे वाटत असे. १९९०च्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्याने संपली आणि १९९६ पासून सर्वच बागायतदारांना खुल्या बाजारात विक्रीची मुभा मिळाली. स्वातंत्र्य मिळाले, पण भाव कोसळण्याचा धोकाही शेतकऱ्याच्या अंगावर आला. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांतील मंदीत अनेक छोटे बागायतदार कर्जात बुडाले.

उलट २०२४-२५ मध्ये ब्राझील आणि व्हिएतनाममधील दुष्काळामुळे जागतिक भाव विक्रमी पातळीवर गेले. भारताची कॉफी निर्यात १.८ अब्ज डॉलरपर्यंत पोहोचली. पण चढ्या भावाचा लाभ ज्याच्याकडे माल साठवण्याची ऐपत आहे त्यालाच पुरेपूर मिळतो. पैशांची नड असलेला शेतकरी हंगामाच्या सुरुवातीलाच व्यापाऱ्याला माल देऊन मोकळा होतो. म्हणूनच एकत्र येऊन विकणाऱ्या गटांना महत्त्व आहे.

ठाणे-कल्याणहून असा माग काढत कुठे जाता येईल?

बहुतेकांना कूर्ग किंवा चिकमगळूर आठवते. ठाण्याहून कोकण रेल्वेने मंगळूरु आणि पुढे बसने घाट चढून तिथे जाता येते. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणल्याची आख्यायिका याच भागातली. मात्र सामुदायिक कॉफी पाहायची असेल तर पूर्वेकडे जाणे अधिक उपयोगाचे.

कल्याणहून विशाखापट्टणमला थेट गाड्या आहेत. प्रवास सुमारे एक दिवस-रात्रीचा. तिथून किरंदुलकडे जाणारी रेल्वे पूर्व घाटात शिरते. ५०हून अधिक बोगद्यांच्या या मार्गावर आधी आंध्र प्रदेशातील अराकू, मग ओडिशातील कोरापुट आणि नंतर छत्तीसगडमधील जगदलपूर लागते. तिन्ही ठिकाणी आदिवासी शेतकरी कॉफी पिकवतात. अराकूला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोरापुटची कॉफी ओडिशा सरकारचे आदिवासी विकास सहकारी महामंडळ विकते. जगदलपूरजवळच्या दरभा परिसरात बस्तरची कॉफी गेल्या दशकातच रुजली. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होते. फळे तोडणे, साल काढणे आणि बिया वाळवणे ही कामे पाहण्याचा तोच काळ. विमानाऐवजी रेल्वेने गेल्यास प्रवासाचा कार्बनभारही बराच कमी राहतो.

अराकूमध्ये वेगळे काय घडले?

अल्लुरी सीताराम राजू जिल्ह्यातील या डोंगरांत पूर्वी ‘पोडू’ म्हणजे जंगल जाळून फिरती शेती होत असे. तिला पर्याय म्हणून सरकारने सावलीखालच्या कॉफीला चालना दिली. शेतकऱ्याकडे एक-दोन एकरच जमीन, बाजार दूर आणि व्यापारी सांगेल तो भाव, ही जुनी अडचण होती. ती दोन वाटांनी कमी झाली. एक वाट सरकारी गिरिजन सहकारी महामंडळाची. ते हंगामाआधी खरेदीचा भाव जाहीर करते, त्यामुळे खासगी व्यापाऱ्यालाही भाव फारसा पाडता येत नाही. दुसरी वाट नांदी फाउंडेशनच्या मदतीने उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची. सेंद्रिय पद्धत, पिकलेलीच फळे तोडण्याची शिस्त आणि चवीनुसार जास्त भाव हे तिचे सूत्र. २०१७ मध्ये ‘अराकू’ नावाचे दुकान थेट पॅरिसमध्ये उघडले. बेंगळूरु आणि मुंबईत कुलाब्यातही या नावाचे कॅफे आले.

इथेही एक बारकावा आहे. पीक सहकारी संस्थेचे असले तरी नाममुद्रा चालवणारी कंपनी वेगळी असून तिला आनंद महिंद्रा यांच्यासह काही उद्योजकांचा पाठिंबा आहे. भांडवलाशिवाय पॅरिस गाठता आले नसते, हे खरे. पण नाममुद्रेच्या वाढत्या मूल्यात शेतकऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न कौतुकाच्या भरात मागे पडू नये. दुसरा धोका निसर्गाचा. २०२५ मध्ये या भागात बिया पोखरणाऱ्या किडीचा शिरकाव झाला आणि बाधित बागांतील फळे काढून नष्ट करावी लागली. अशा वेळी भरपाई आणि सल्ला वेळेवर मिळतो का, यावरही सामुदायिक व्यवस्थेची पारख होते.

महाराष्ट्रात कॉफी होत नाही का?

होते, पण अगदी थोडी. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हा राज्यातील कॉफी पिकणारा एकमेव परिसर म्हणून ओळखला जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीमुळे तिथे हे झाड तग धरते. ठाणे-कल्याणहून अमरावती एक्स्प्रेसने रात्रीत अमरावती आणि तिथून परतवाडामार्गे बसने चिखलदरा गाठता येते.

मेळघाटातील कोरकू आदिवासींसाठी ही कॉफी उत्पन्नाचे साधन होऊ शकेल का? अराकूचा अनुभव पाहता शक्यता नाकारता येत नाही, पण घाई धोक्याची ठरेल. हा व्याघ्र प्रकल्पाचा परिसर आहे, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते आणि लावलेल्या झाडाला पीक धरायला तीन-चार वर्षे लागतात. लागवडीच्या आधी खरेदीची हमी आणि प्रक्रियेची सोय लागते. याच जिल्ह्यातील पायविहीर गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून उजाड टेकडीवर जंगल उभे केले आणि तिथली सीताफळे स्वतःच्या नाममुद्रेने विकली. गावाच्या हाती हक्क आणि विक्री दोन्ही असले की काय होते, याचे ते घरचेच उदाहरण आहे.

सामुदायिक कॉफीचा जवळचा धडा कोणता?

तो लोकलच्या अंतरावरच आहे. देशातील पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला सुरू झाले होते. भारतीयांना कॉफीची सवय लागावी म्हणून काढलेली ही कॉफीगृहे पुढे कॉफी मंडळाने चालवली आणि १९५०च्या दशकात बंद करायला घेतली. नोकरी गमावलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ‘इंडियन कॉफी हाऊस’ स्वतः चालवायला घेतले. त्यांच्या शाखा आजही अनेक राज्यांत आहेत. तिथे वाढणारा कामगार हाच संस्थेचा सभासद असतो. ‘समुदायाची कॉफी’ ही कल्पना परदेशातून आलेली नाही, ती आपल्याकडे सुमारे सत्तर वर्षे चालत आली आहे.

प्रमाणपत्रांवर विसंबावे का?

काही प्रमाणात. ‘फेअरट्रेड’ योजनेत २०२३ पासून धुतलेल्या अरेबिकाला पौंडामागे किमान १.८० डॉलर भाव आणि त्यावर गटाच्या कामांसाठी २० सेंट अधिमूल्य ठरलेले आहे. बाजारभाव पडला की या हमीचा उपयोग होतो. बाजारभाव त्याहून वर असताना फरक पडतो तो मुख्यतः अधिमूल्याचा. सेंद्रिय प्रमाणपत्र खते-औषधांबद्दल सांगते, मजुरीबद्दल नाही. भौगोलिक मानांकन कॉफी कुठली ते सांगते, पैसे कोणाला गेले ते नाही.

युरोपीय संघाचा जंगलतोडविरोधी कायदा आणखी एक अट घालतो. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरची कॉफी तिथे विकता येणार नाही आणि बागेचे नेमके स्थान नोंदवावे लागेल. त्याची अंमलबजावणी दोनदा लांबली असून मोठ्या व मध्यम कंपन्यांसाठी आता ३० डिसेंबर २०२६ ही तारीख आहे. इटली, जर्मनी, बेल्जियम हे भारतीय कॉफीचे मोठे ग्राहक असल्याने याचा थेट परिणाम होईल. मोठे मळे नोंदणीचा खर्च पेलतील. एक-दीड एकरवाल्या शेतकऱ्याला गट किंवा सरकार यांच्या मदतीशिवाय ते अवघड आहे.

ग्राहकाने काय विचारावे?

दुकानात असो वा मळ्यावर, चार प्रश्न पुरेसे आहेत. कॉफी कोणत्या गावाची किंवा गटाची आहे? गेल्या हंगामात त्यांना किलोला काय भाव दिला? खरेदी दरवर्षी त्यांच्याकडूनच होते की एकदाच झाली? तोडणीच्या मजुरांना रोजचे किती मिळतात? उत्तर देणारा दुकानदार भेटला तर त्याच्याकडे पुन्हा जावे. नुसतीच छायाचित्रे दाखवणाऱ्याकडे जास्तीचे पैसे देण्याचे कारण नाही.

मळ्यावर जाणाऱ्यांनी शक्यतो गावातल्याच घरी राहावे, पूड किंवा बिया शेतकऱ्यांच्या गटाकडून घ्याव्यात आणि पुढच्या वर्षीही तिथूनच मागवाव्यात. एका सहलीपेक्षा नियमित मागणीचा शेतकऱ्याला अधिक आधार असतो. ठाणे-डोंबिवलीतील एखाद्या मोठ्या सोसायटीतील ५० घरांनी मिळून महिन्याला अर्धा-अर्धा किलो कॉफी एकाच गटाकडून घेतली, तर वर्षाला ३०० किलो भाजलेली, म्हणजे सुमारे ३६० किलो कच्ची कॉफी होते. एक-दोन एकरांच्या काही शेतकऱ्यांसाठी ही हक्काची विक्री ठरू शकते, आणि त्यासाठी दरवर्षी अराकू गाठण्याचीही गरज नाही.