इथे स्कोप नाही म्हणे!

आपल्या हॉस्टेलवर गिटारवाले निदान सात-आठ आहेत. एक कॅहॉनवाला आहे, दोघे बऱ्यापैकी गातात, आणि कीबोर्डवाली मी. मेस बंद झाली की टेरेसवर आमचा कट्टा बसतो. रोज कोणीतरी तेच वाक्य टाकतं, "इथे काही स्कोप नाही यार! बँड करायचा तर मुंबई, पुणे. नाहीतर सरळ गोवा."

मला हे अजिबात पटत नाही.

मित्रांनो, कधी एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघत असाल तर मोबाईलमधून डोकं वर काढून आजूबाजूच्या भिंती आणि बॅनर बघा. 'डबलबारी भजनाचा जंगी सामना!' दोन बुवांचे फोटो, दोन्ही मंडळांची नावं, गावं, पखवाजाला कोण, झांजेला कोण, सगळं व्यवस्थित छापलेलं. मध्यरात्रीनंतरही मांडवात बसायला जागा नसते. आमच्या बँडला गॅदरिंगमध्ये तिसऱ्या गाण्याला अर्धा हॉल रिकामा करून दाखवता येतो. मग स्कोप नाही तो नक्की कोणाला?

ज्यांनी डबलबारी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते (विदर्भ-मराठवाड्याच्या मंडळींनी विशेष लक्ष द्यावं). दोन भजन मंडळं एकाच मांडवात बसतात. प्रत्येकाचा एक बुवा, तोच पेटी वाजवतो आणि तोच गातो. साथीला पखवाज, झांज आणि मागे कोरस. आधी एका बुवांची बारी, मग दुसऱ्यांची. रूपाचा अभंग, गवळण, गजर असं सगळं होतं. एकाने पुराणातला प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं आणि जाता जाता चिमटाही काढायचा. चाल पुष्कळदा एखाद्या गाजलेल्या सिनेमाच्या गाण्याची, पण शब्द बुवांचे स्वतःचे. काशीराम परब, परशुराम पांचाळ, चिंतामणी पांचाळ ही नावं इथल्या रिक्षावाल्यापासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना माहीत असतात. तुमच्यापैकी किती जणांना पुण्याच्या एखाद्या कॉलेज बँडच्या ड्रमरचं नाव माहीत आहे?

मी पडले कॉन्व्हेंटची. पखवाजाचे बोल मला कळत नाहीत. पण शाळेत कॉयरमध्ये चार पार्टमध्ये गायचे, त्यामुळे एवढं कळतं की बुवांनी ओळ सोडली की ती नेमक्या जागी उचलून वरच्या पट्टीत परत फेकणारा कोरस ही सोपी गोष्ट नाही. त्यांच्याकडे स्कोअर नाही, कंडक्टर नाही. यातले बरेच जण दिवसा शेती, नोकरी किंवा गॅरेज सांभाळून रात्री तालमीला बसणारे. म्हणजे व्याख्येप्रमाणे बघा: पाच-दहा माणसं, ठरलेली वाद्यं, एक मुख्य गायक, स्वतःचे शब्द, स्वतःचे चाहते. याला बँड म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

ही मंडळी गाजतात ती का, यावर मी बराच विचार केला. भक्ती हे कारण आहेच, पण तेवढंच असतं तर देवळात रोज संध्याकाळी बसणारं प्रत्येक भजन गाजलं असतं. माझ्या मते खरी युक्ती 'डबल'मध्ये आहे. एकट्या मंडळाला फक्त त्याच्या गावचे लोक येतील. दोघांना समोरासमोर बसवलं की दोन्ही गावं येतात, आणि या बुवांचा चाहता नाइलाजाने त्या बुवांनाही ऐकतो. घरी जाताना "आमचे बुवा भारी" म्हणून भांडतो आणि त्या भांडणातून दोघांची जाहिरात होते, फुकट! आपण काय करतो? दुसऱ्या ब्रँचचा बँड असेल त्या दिवशी आपण मुद्दाम जात नाही.

दुसरं म्हणजे गावाचं नाव. मंडळाच्या नावात देव असतो आणि गाव असतं. आमच्या बँडचं नाव इंग्रजी, चांगलं चार शब्दांचं. एका गणपतीच्या कार्यक्रमात हँडबिल छापणाऱ्या काकांनी फोनवर विचारलं, "अगो बाय, तुमच्या बँडाचा नाव काय लिवू?" मी स्पेलिंगसकट सांगितलं. छापून आलं, 'कॉलेजची मुलां (ऑर्केस्ट्रा)'. आम्ही खूप हसलो. पण खरं सांगायचं तर काकांनी छापलेलंच नाव लोकांच्या लक्षात राहिलं.

गावाचं नाव लावून किती लांब जाता येतं ते मुंबईच्या 'वेसावकर आणि मंडळी'ने दाखवलं. वेसावे म्हणजे वर्सोवा कोळीवाडा. त्यांच्या 'वेसावची पारू'ची कॅसेट आली आणि ती गाणी महाराष्ट्रभर लग्नाच्या वरातीत वाजली. ज्यांनी वर्सोवा नकाशातसुद्धा बघितलं नसेल तेही त्यावर नाचले.

आता गोव्याकडे येऊ, कारण टेरेसवर सारखा गोव्याचा दाखला असतो. रेमो फर्नांडिस सगळ्यांना माहीत आहे, हिंदी सिनेमातल्या गाण्यांमुळे. पण त्याने सुरुवात कशी केली? १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' हा अल्बम त्याने शिवोलीला स्वतःच्या घरात रेकॉर्ड केला, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर. वाद्यं जवळजवळ सगळी स्वतःच वाजवली आणि कॅसेट स्कूटरवर घालून दुकानादुकानांत नेऊन दिल्या. गाणी गोव्याबद्दलची, म्हणजे आजूबाजूला दिसत होतं त्याचीच. २००७ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. शिवोली आपल्या सावंतवाडीपासून गाडीने तासा-दीड तासावर आहे! चार ट्रॅक तर आज कोणाच्याही फोनमध्ये असतात. रेमोपाशी नव्हती अशी कुठलीही मशीन आपल्याला अडवत नाही, पण त्याच्यापाशी स्वतःची गाणी होती आणि आपल्याकडे बहुतेक कव्हर्स. दुसऱ्याचं गाणं हुबेहूब वाजवलं तर लोक म्हणतात, "छान, अगदी ओरिजिनलसारखं!" म्हणजे नाव पुन्हा ओरिजिनलवाल्याचंच.

आपल्या भाषेची लाज वाटणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगभूमीवर आलं. मालवणीतलं नाटक, मच्छिंद्र कांबळी आपल्या मालवण तालुक्यातल्या रेवंडीचे. सुरुवातीला प्रेक्षक फारसे येत नव्हते. मग पु. ल. देशपांडे यांनी ते बघून मनापासून दाद दिली आणि गाडी अशी सुटली की प्रयोग ५००० च्या वर गेले, लंडनलाही झाले. यावर आमच्यातला एक जण म्हणतो, "आपल्याला कुठून आणायचे पु. ल.?" बरोबर आहे. पण पु. लं.नी दाद द्यायच्या आधी ते नाटक लिहून, बसवून, कमी प्रेक्षकांपुढे का होईना, चालू होतं, हे विसरू नये.

असो. इथवर भजनी मंडळांचं कौतुक झालं. पण त्यांचं सगळं आलबेल आहे असं नाही, आणि जी अडचण आहे ती आपल्या इंजिनीअरिंगच्या हद्दीत येते.

आज डबलबारीचा प्रसार मुख्यतः यूट्यूबवर होतो. चाकरमानी लोकलमध्ये उभ्याउभ्या गावची बारी ऐकतात. पण व्हिडिओ चढवतो कोण? शूटिंगवाला, साऊंडवाला किंवा मांडवात मोबाईल धरून बसलेला कोणीही. शीर्षकात दोन्ही बुवांची नावं असतात. पखवाजवाल्याचं नाव हँडबिलवर होतं ते इथे बहुतेक वेळा गायब. कोरस तर बिचारा कधीच नसतो. बेंजोवाल्यांचं याहून वाईट. हे वाद्य मुळात जपानचं, १९१२ मध्ये नागोयात निघालेलं ताइशोगोतो, आणि ते आपल्या मिरवणुकांत असं रुळलंय की कोणाला परकं वाटत नाही. २०१६ मध्ये 'बँजो' नावाचा अख्खा हिंदी सिनेमा आला, रवी जाधवांचा. पण आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो वाजवणाऱ्याचं नाव सांगा बघू? नाही ना आठवत?

दुसरी भानगड पैशाची. यूट्यूबवर कंटेंट आयडी नावाची सिस्टिम २००७ पासून आहे. म्युझिक कंपन्या आपली गाणी तिथे देऊन ठेवतात, सिस्टिम प्रत्येक गाण्याचा ठसा बनवते आणि नवीन चढवलेला प्रत्येक व्हिडिओ त्या ठशांशी ताडून बघते. (सिग्नल प्रोसेसिंगचा तास झोपून न काढणाऱ्यांना यात मजा वाटेल.) नुसती चाल जुळली तरी ती पकडू शकते. जुळलं की कंपनी क्लेम लावू शकते आणि जाहिरातीचे पैसे तिकडे वळवू शकते. बुवांनी गवळणीचे शब्द रात्र जागून स्वतः लिहिलेले, पण चाल सिनेमाची. आपल्या कायद्यात चाल आणि शब्द या दोन वेगळ्या कृती धरल्या जातात, प्रत्येकीचा मालक वेगळा असू शकतो. खऱ्याखुऱ्या धार्मिक सोहळ्यात ते गायला कायद्याची सूट आहे. व्हिडिओ नेटवर टाकणं ही मात्र वेगळी गोष्ट. तेव्हा मंडळांनी निदान दोन-तीन गजर तरी स्वतःच्या चालीचे करावेत. संतांच्या अभंगांवर कोणाचाच हक्क उरलेला नाही, त्याला स्वतःची चाल लावली तर ती चाल पूर्ण तुमची. आणि मंडळाचं चॅनल मंडळाचंच असावं, शूटिंगवाल्याचं नव्हे. हाच नियम आमच्या बँडलाही लागू.

मग आपण काय करू शकतो? पुष्कळ! मोबाईलवर मांडवातून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पखवाजाचा धुम् फाटतो, पेटी चिरकते आणि शेजारच्या काकूंचं बोलणं स्पष्ट येतं. मिक्सरच्या आऊटपुटमधून सरळ वायर घेऊन रेकॉर्ड केलं, लेव्हल लाल दिव्यापर्यंत न नेता ठेवली आणि मांडवाचा आवाज वेगळ्या माइकवर थोडासा मिसळला तर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ई अँड टी.सी.च्या दोन मुलांना लॅपटॉपसकट एका रात्रीचं काम. व्हिडिओखाली सगळ्यांची नावं, गाव, तारीख आणि गवळण कोणी लिहिली ते टाइप करायला दहा मिनिटं. हेच दशावतार मंडळांच्या संगीताचंही करता येईल. २०२५ मध्ये 'दशावतार' सिनेमा आल्यापासून शहरातले पाहुणे दशावताराबद्दल विचारतात, पण त्यातल्या पायपेटीवाल्याकडे अजून कोणी वळत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. परंपरा रात्रीची आणि कायदा दहाचा, त्यामुळे आयोजक आणि पोलीस दोघांची पंचाईत. माझं मत विचाराल तर बारी संध्याकाळी सहाला सुरू करायला हरकत नाही. जुन्या लोकांना ते आवडणार नाही, माहीत आहे. पण लवकर सुरू झाली तर शाळेतली मुलंही शेवटच्या गजरापर्यंत बसतील, आणि पुढचे बुवा त्यांच्यातूनच यायचे आहेत ना?

आता मुद्द्याचं बोलते, आणि हे स्टाफनेही वाचावं ही विनंती. मागच्या गॅदरिंगला बाहेरून डीजे आणला, त्याला पैसे दिले. गणेशोत्सवात मात्र जवळच्याच वाडीतल्या भजन मंडळाला बोलावलं आणि मानधन म्हणून शाल, श्रीफळ आणि चहा. वर "तुम्हाला एक्स्पोजर मिळेल" असंही कोणीतरी ऐकवलं! बारा माणसं, त्यांचा टेम्पो, पखवाजाला लावायची कणीक, एका रात्रीची मोडलेली झोप, याचा हिशेब एक्स्पोजरमध्ये कसा होतो ते मला कोणत्याच मॅथ्सच्या पेपरात शिकवलेलं नाही. शिवाय मांडवात आपण साठ-सत्तर जण, त्यातले निम्मे मोबाईलवर. एक्स्पोजर त्यांना मिळालं की आपल्याला?

म्हणून यंदासाठी माझा साधा प्रस्ताव आहे. गॅदरिंगच्या एका संध्याकाळी डबलबारी ठेवूया. एका बाजूला भजन मंडळ, दुसऱ्या बाजूला आपला बँड. चार-चार गाणी आलटून पालटून. अट एकच, दोघांनीही कव्हर करायचं नाही, शब्द आणि चाल स्वतःची. त्यांनी प्रश्न टाकायचा, आम्ही उत्तर द्यायचं. आम्ही हरणार हे जवळजवळ नक्की आहे, पण आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत भरलेल्या हॉलपुढे हरू. डीजेच्या बजेटमधला निम्मा भाग मंडळाला मानधन म्हणून, तोही कार्यक्रमाच्या दिवशीच हातात. रेकॉर्डिंग आमचं, चॅनल त्यांचं.

आमच्या गिटारवाल्यांनी यावर "बघू" असं म्हटलंय. कल्चरल सेक्रेटरीनेही "बघू"च म्हटलंय. पण कार्तिक लागला की इकडे जत्रांचा सीझन सुरू होतो आणि चांगल्या मंडळांच्या तारखा भराभर जातात. त्यात आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तर कॅलेंडरवर नसतेच, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि ती कळली की आधी दिलेल्या तारखाही मागेपुढे होतात. तेव्हा बुवांना फोन करायचा तर दिवाळीच्या आधी करावा लागेल. नंबर माझ्याकडे आहे.