काळी काच आणि सायकलस्वार

काळा चष्मा म्हणजे नटवेपणा, अशी आम्हां शिक्षकमंडळींची जुनी समजूत आहे. तो लावून सायकलवरून येणाऱ्या मुलास आम्हीही फाटकापाशी चार शब्द सुनावलेले आहेत. आज ते शब्द अंशतः परत घ्यावेत असे वाटते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत भोपाळास, साकेत नगरात, थोरल्या बहिणीकडे राहण्याचा योग आला. आम्ही कोकणी माणसे. समुद्रावरील लखलखीत ऊन जन्मापासून परिचयाचे. परंतु तिकडील मे महिन्याचे कोरडे ऊन, त्यात धूळ आणि समोरून येणारी झळ, हा अनुभव निराळाच. २०१७ साली भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची योजना सुरू करणाऱ्या या शहरातही सायकलस्वाराच्या डोळ्यांची काळजी फारशी कोणी वाहिलेली दिसली नाही.

आमचा भाचा एम्सच्या रस्त्याने रोज सायकलवर शिकवणीस जातो. त्याने पदपथावरून एक चष्मा आणला. "मामा, सर्वांत काळा हाच होता!" असे तो अभिमानाने म्हणाला. चष्म्याच्या दुकानदाराने तो यंत्राखाली धरला, तेव्हा अतिनील किरण त्यातून बहुतेक सगळे पार होत असल्याचे दिसले.

हे किरण रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ साली शोधून काढले. ते डोळ्यांस दिसत नाहीत, आणि फसगत होते ती येथेच. काळ्या काचेआड अंधार वाटतो, म्हणून डोळ्याची बाहुली विस्फारते. काच किरण अडवीत नसेल तर ते त्या उघड्या दारातून अधिकच आत शिरतात. म्हणजे असा चष्मा नसलेलाच बरा! वर्षानुवर्षांच्या अशा माऱ्याने मोतीबिंदूस हातभार लागतो. बुबुळावर मांस वाढते, ज्यास तिकडे 'नाखूना' म्हणतात.

तेव्हा रंग पाहू नये, किंमतही पाहू नये. स्वस्त चष्मा चांगला निघू शकतो. 'यूव्ही ४००', म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविणारा, असा शिक्का पाहावा आणि शिक्क्यावरही न विसंबता तपासून घ्यावा. भिंगे पॉलिकार्बोनेटची असावीत. पडल्यास अगर खडा उडाल्यास त्यांच्या ठिकऱ्या सहसा होत नाहीत. शिवाय ती बिनरंगी असली तरी अतिनील किरण अडवितात. सायंकाळी, मेघाच्छादित दिवशी बिनरंगीच वापरावीत, कारण धूळ आणि चिलटे काही ऊन पाहून येत नाहीत. चौकट कानशिलांपर्यंत वळलेली हवी. अतिगडद, चौथ्या श्रेणीची काच वाहन चालविताना वर्ज्यच. चकाकी मारणाऱ्या 'पोलराइज्ड' काचेचे कौतुक पुष्कळ होते. मासेमारीस ती उत्तम, परंतु ओल्या रस्त्याची चमक ही सायकलस्वारास कधीकधी इशाराच असते, हे आमचे मत.

भाच्याचा नवा चष्मा फिकट राखी रंगाचा आहे. मित्र आता त्याला 'मास्टरजी' म्हणतात, अशी त्याची तक्रार आहे. तिच्यावर आमच्यापाशी उपाय नाही.