सीतेच्या माहेरची गाडी

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत राममंदिराचा प्राणप्रतिष्ठा सोहळा झाला आणि त्यानंतर आमच्या सोनई-नेवासे भागातून अयोध्येस जाणाऱ्या यात्रेकरूंची रीघ लागली. ऊस तुटून गेला, हातात चार पैसे आले, की गल्लीगल्लीतून नावे गोळा होतात आणि वाहन ठरते. अशाच एका यात्रेहून परतलेल्या शेजारच्या आजींनी आम्हांस एक प्रश्न विचारला. "सासर पाहून झालं. सीतामाईचं माहेर कुठं आहे, ते काही कोणी दाखवलं नाही." आजींचे सारे आयुष्य जात्यावर सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणण्यात गेले. माहेर न पाहता यात्रा पुरी झाली, हे त्यांच्या मनास पटेना. आम्हांसही पटले नाही. आणि त्या प्रश्नाचा माग काढीत आम्ही गेल्या हिवाळ्यात जनकपूरला जाऊन आलो.

सीतेचे माहेर परदेशात आहे. जनकपूर हे नेपाळच्या तराईतील शहर. तेथे रेल्वेने जाता येते, ही गोष्ट महाराष्ट्रात फारच थोड्यांना ठाऊक असावी. राज्यातील एका मोठ्या स्थानकाच्या चौकशी खिडकीवर आम्ही विचारणा केली, तेव्हा आतील गृहस्थांनी "नेपाळला रेल्वे जात नाही" असे निःशंकपणे सांगून टाकले. वस्तुतः मार्ग सरळ आहे. सोनईत रेल्वे नाही. तेव्हा मोटारीने मनमाड गाठावे. तेथे लोकमान्य टिळक टर्मिनसहून जयनगरला जाणारी पवन एक्स्प्रेस मिळते. दीड दिवसाने ती बिहारच्या मधुबनी जिल्ह्यात, सरहद्दीच्या अगदी तोंडाशी असलेल्या जयनगरला पोहोचविते. लगतच नेपाळच्या गाडीचे वेगळे स्थानक आहे. भारतीयास पारपत्र हवेच असे नाही. निवडणूक ओळखपत्र चालते. सामान तपासले जाते, गाडी हलते, आणि पुढच्याच इनर्वा स्थानकावर आपण दुसऱ्या देशात असतो. घड्याळ मात्र पंधरा मिनिटे पुढे करावे लागते.

या मार्गाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९३७ साली राणांच्या राजवटीत ही अरुंदमापी लोहवाट घातली गेली ती जंगलातील लाकूड वाहून आणण्यासाठी. पुढे तिच्यावरून माणसेच अधिक जाऊ लागली. २०१४ मध्ये ती रुंदीकरणासाठी बंद झाली आणि भारताच्या साहाय्याने ब्रॉडगेज होऊन २ एप्रिल २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. त्यावर धावणारे दोन गाडीसंच नेपाळला पुरविले कोणी? आपल्या कोकण रेल्वेने, २०२० मध्ये. तिचे मुख्यालय बेलापूरला. आमच्याकडे बेलापूर म्हटले की प्रवरेकाठचे आठवते. पण हे बेलापूर नव्या मुंबईतले. महाराष्ट्रात मुख्यालय असलेल्या संस्थेने दिलेली गाडी सीतेच्या माहेरी धावते आणि महाराष्ट्रातील माणसास तिची वार्ता नसते!

जयनगरपासून जनकपूर सुमारे तीस किलोमीटर. वाटेत भाताची खाचरे, बांबूची बेटे आणि प्रत्येक गावाला एक तळे. 'वैदेही' नावाचे स्थानक आले तेव्हा डब्यातील मराठी म्हणून आम्ही एकटेच खिडकीशी सरसावलो. इतरांना त्याचे काय अप्रूप! डब्यात कोणी दवाखान्याला गेलेले, कोणी लग्नाचा बस्ता घेऊन परतणारे. अलीकडे-पलीकडे भाषा एकच, मैथिली. दोन्ही बाजूंत रोटी-बेटीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. शेजारी बसलेल्या बाईंचे माहेर भारतात आणि सासर नेपाळात होते. सीतेचे नेमके याच्या उलट.

जानकी मंदिर पाहून प्रथमदर्शनी मराठी मनुष्य चक्रावतो. हेमाडपंती घडणीला सरावलेल्या डोळ्यांना ते पांढरेशुभ्र, घुमट-मनोऱ्यांचे आणि जाळीदार गवाक्षांचे बांधकाम राजवाड्यासारखे वाटते. टीकमगडच्या राणी वृषभानू यांनी ते बांधविले व विसाव्या शतकाच्या आरंभी पुरे केले. नऊ लाख रुपये लागले म्हणून त्यास 'नौलखा' म्हणतात. मार्गशीर्षातील विवाहपंचमीला रामसीतेचे लग्न तेथे दरसाल लागते. २०२४ च्या जानेवारीत याच गावाने अयोध्येला 'भार' धाडला. म्हणजे आपल्या भाषेत लेकीच्या घरचा आहेर. नाते असे आजही पाळले जात आहे.

आणि तिथले खाणे! दही-चूडा पुढे आले तेव्हा आपल्या दहीपोह्यांची आठवण होऊन हसू आले. फरक इतकाच, की तिकडचे पोहे न भिजविता दाट दह्यात घालतात आणि वर गूळ. आमच्या कारखान्याच्या पट्ट्यातील मनुष्य गुळाविषयी जरा चिकित्सक असतो. परंतु त्या गुळाला नाव ठेवावे असे काही सापडले नाही. तिलकोर नावाच्या वेलीची पाने तांदळाच्या पिठात बुडवून तळतात. आपल्या ओव्याच्या पानांच्या भज्यांची ती चुलतबहीणच म्हणावी. तळ्यातून काढलेला मखाणा, मोहरीच्या वाटणातील मासे, आणि पहाडी खाणावळीत गेले तर डाळ-भाताबरोबर आंबवून वाळविलेल्या पाल्याचे आंबटसर गुंद्रुक. सरहद्द कोठे संपली हे जिभेला कळत नाही. ती हळूहळू बदलते, आणि हे हळूहळू बदलणे रेल्वेतच अनुभवास येते. विमानाने काठमांडूला उतरणाऱ्या सहलींना दोन टोके दिसतात, मधला देश दिसत नाही.

हा अनुभव मराठी माणसास सर्वस्वी नवा आहे, असेही नाही. पोर्तुगीज गोव्यातील मुरगाव बंदरापासून घाट चढून ब्रिटिश हद्दीतील कॅसलरॉकपर्यंत येणारी रेल्वे १८८८ च्या सुमारास पुरी झाली. कुळे येथे पोर्तुगिजांची जकात, कॅसलरॉकला इकडची. मधे दूधसागर, आणि रुपयाचा होणारा 'रुपिया'. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा ही ज्यांची कुळदैवते, ती कुटुंबे कुळाचारासाठी परमुलखात जात. १९५५ साली गोव्याची नाकेबंदी झाली, रेल्वे वाहतूक तुटली, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत कित्येक घरांचे माहेर-सासर तुटल्यासारखे झाले. ती नाकेबंदी राजकीयदृष्ट्या अपरिहार्य होती, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि गाडी थांबली म्हणजे काय थांबते, हे सावंतवाडी-बेळगावकडील जुन्या घरांना सांगावे लागत नाही.

पुढच्या गाड्यांची कथा तीच. कलकत्त्याहून पूर्व बंगालात जाणाऱ्या गाड्या १९६५ च्या युद्धात बंद पडल्या. मैत्री एक्स्प्रेस धावू लागली ती १४ एप्रिल २००८ रोजी, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. आणि जुलै २०२४ मध्ये बांगलादेशातील उद्रेकात तीही थांबली. समझोता एक्स्प्रेस २२ जुलै १९७६ ला सुरू झाली, २००७ च्या फेब्रुवारीत पानिपतजवळ तिच्यातील स्फोटांत ६८ जीव गेले, तरीही ती चालत राहिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिची अखेर झाली. मुनाबाव-खोखरापारची थार एक्स्प्रेस त्याच महिन्यात गेली. जेथे वैर आहे तेथील गाडीचे काय करावे, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. परंतु नेपाळशी आपले वैर नाही. १९५० च्या करारापासून ही सीमा खुली आहे. पायी, सायकलीवर, टांग्यातून माणसे रोज ये-जा करतात. आमच्या शेजारच्या शिंगणापुरात घरांना कवाडे नसण्याची परंपरा आहे. त्याच जातीची ही सीमा. तेव्हा सुरक्षेचे कारण येथे पुढे करण्यात अर्थ नाही. उलट रेल्वेतच सामान व ओळखपत्र तपासणे अधिक सोपे.

मग अडते कोठे? तर सरकारी उदासीनतेत. जून २०२२ मध्ये दिल्लीहून निघालेली 'भारत गौरव' रामायण यात्रेची गाडी सुमारे पाचशे प्रवाशांसह थेट जनकपूरला गेली. भाडे माणशी साठ हजारांच्या वर. म्हणजे पैसेवाल्यासाठी डबा बदलावा न लागता सीमा ओलांडता येते. सामान्य यात्रेकरूने मात्र दीड दिवस प्रवास करून, बोचकी उचलून, दुसऱ्या स्थानकात नवे तिकीट काढावयाचे, आणि जोडगाडी मिळेल की मुक्काम पडेल हे नशिबावर सोडावयाचे. आमची मागणी माफक आहे. मनमाडहून जनकपूरपर्यंत एकच तिकीट द्या. पवन एक्स्प्रेस व नेपाळची गाडी यांच्या वेळा जुळवा. उत्सवकाळी दोन डबे तरी थेट सोडा. मैत्री एक्स्प्रेससाठी २०१७ पासून सीमेवरची तपासणी सुटणाऱ्या व पोहोचणाऱ्या स्थानकांतच होऊ लागली होती. तोच प्रकार येथे अशक्य का असावा?

थायलंड आणि लाओस यांचे १९८७-८८ च्या हिवाळ्यात सीमायुद्ध झाले होते. २००९ मध्ये मेकाँगवरील पुलावरून त्यांची रेल्वे सुरू झाली, आणि २०२४ पासून बँकॉकहून निघालेला प्रवासी थेट व्हिएन्तिआनला जाऊन तोच चिकट भात व तीच कच्च्या पपईची कोशिंबीर खाऊ शकतो. आपल्याकडे रक्सौल-काठमांडू मार्गाची पाहणी झाली आहे, भूतानच्या गेलेफू व साम्त्सेपर्यंत रेल्वे नेण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले आहे. त्या गाड्या येतील तेव्हा येतील. जी लोहवाट आज घातलेली आहे तिचे तरी नीट वेळापत्रक आपल्या स्थानकांत लागावे.

परतताना पवन एक्स्प्रेसमध्ये मधुबनीकडील मजुरांची दाटी होती. कोणी नाशिकच्या बांधकामावर चाललेला, कोणी भिवंडीच्या मागावर. एकाने आपल्या फडक्यातला चूडा आमच्यापुढे केला. मनमाड आल्यावर त्यानेच आमची पिशवी खाली उतरवून दिली. त्या पिशवीतला जनकपूरचा मखाणा आजींना नेऊन दिला. त्यांनी तो आधी देवापुढे ठेवला, आणि मग विचारले, की मनमाडची गाडी किती वाजता असते.