लायटरमागचा माणूस

'हम दोनो' (1961) मधल्या लायटरची धून आठवते? वर्गात साहिर शिकवताना मी विचारतो. शायर साहिर, आवाज रफींचा, संगीत जयदेव यांचं, मुलं सांगतात. ती धून कोणी वाजवली? सगळे गप्प. ग्लॉकेनस्पील या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर ती केर्सी लॉर्ड यांनी वाजवली. जन्म 14 फेब्रुवारी 1935. अशा वादकांची नावं पडद्यावर सहसा येतच नसत.

वाढदिवस साजरे करावेत का, यावर आपल्यात मतभेद आहेत, संगीतावरही आहेत. पण कष्टकऱ्याचा हक्क बुडवू नये, यावर नाहीत. नाव हाही हक्कच. केक नको. त्या दिवशी घरात वादकाचं नाव घ्या. आणि अकोल्यातल्या पुढच्या वरातीत बँडवाल्यालाही त्याचं नाव विचारा.