ओढतंय म्हणजे थांबतंय असं नाही

आज पिकाचं नाही, ट्रॅक्टरचं बोलायचंय. तोडणी सुरू आहे, टेंभुर्णी-कुर्डुवाडी रस्त्यावर रात्री निघालात तर डबल ट्रॉल्यांची रांगच दिसते. त्यातल्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला विचारा, "एवढा माल झेपतो का?" उत्तर एकच. "पन्नास एचपी हाय, आरामात ओढतंय."

ओढतंय हो. त्याबद्दल भांडण नाहीच. माझं भांडण पुढच्या गोष्टीवर आहे.

जरा हिशोब मांडू. दोन ट्रॉल्यांत मिळून २० टन ऊस, ट्रॉल्यांचं लोखंड ४ टन, ट्रॅक्टर सव्वादोन टनाच्या आसपास. झाले २६ टन. पंचवीस फुटाला एक फूट चढ असला, तर हे सगळं वर न्यायला साधारण दीड टनाचा जोर लागतो. ताशी ५ किलोमीटरनं चढवायचं तर चाकावर ३० एचपी सुद्धा लागत नाहीत. म्हणजे पन्नासवाला चढवणारच. बारक्या गिअरमध्ये चाळीसवाला पण चढवंल. म्हणून एचपी बघून ट्रॉली ठरवायची, ही पद्धतच चुकीची आहे.

आता तोच उतार समजा. ट्रॅक्टरचे ब्रेक असतात मागच्या दोन चाकांना. त्या चाकांवर ट्रॅक्टरचं स्वतःचं आणि ट्रॉलीच्या दांडीचं मिळून अडीच टन वजन धरा. कोरड्या डांबरावर त्यातून दीड टनाच्या आतबाहेर पकड मिळते. एवढ्या पकडीवर २६ टन थांबवायचे. सपाट रस्त्यावर ताशी २० ला २०-२५ मीटर लागतात, ३० ला ५० च्या वर. उतारावर २० ला सुद्धा ४५-५० मीटर. आणि रस्त्यावर पाचट, चिखल किंवा दव असलं तर पकड निम्मी होते, मग त्या उतारावर गाडी जवळजवळ थांबतच नाही. नुसती घसरत राहते.

यात एक गोम आहे, ती बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. चढताना ट्रॉली मागं ओढते, त्यानं ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर वजन वाढतं. पुढचं चाक उचलतं म्हणून आपण बंपरवर दगड नाहीतर लोखंड लावतो. उतरताना सगळं उलटं. ट्रॉली ढकलते, मागचं चाक हलकं होतं. म्हणजे ब्रेक जिथं आहेत तिथलीच पकड ऐनवेळी कमी होते. ट्रॅक्टर आडवा होतो तो यामुळं. आपण मात्र म्हणतो "डायव्हर पिलेला होता".

परदेशात घोडे न्यायला पिकअपच्या पाठीवर, मागच्या अॅक्सलच्या वर हूक बसवून ट्रेलर जोडतात. तिथंही वाद हाच की गाडी किती ओढते. पण त्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात आणि हुकावर किती वजन येईल हे आधी मोजलेलं असतं. आपल्या उसाच्या ट्रॉलीला काय असतं? दांडी, पिन, आणि मागं अडकवलेली दुसरी ट्रॉली. ब्रेक बघायला मिळाला तर नशीब.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. मागच्या हंगामात माझ्याच फडात ट्रॉली भरत होती. ऊस वाळत चालला होता, पुढची खेप कधी मिळंल याचा भरवसा नव्हता. मीच म्हणालो, "टाका अजून आठ-दहा मोळ्या, कशाला मागं ठेवता." कॅनॉलच्या पुलावरून उतरताना मागच्या ट्रॉलीनं ढकललं आणि ट्रॅक्टर तिरका झाला. पोरगं विशीतलं. त्यानं ब्रेक मारला, पण डाव्या-उजव्या पेडलची कडी जोडलेलीच नव्हती, एकच चाक धरलं. भरावाच्या कडंला जाऊन थांबला. समोरून कुणी आलं नाही, एवढंच. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

आता कायद्याचं. आर.सी. वर वजनाची मर्यादा छापलेली असते. त्याच्यावर गेलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. हे सगळ्यांना माहिती आहे. मजा अशी की किती जादा भरलं याचा पुरावा कुठं शोधायची गरजच नाही. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेचं वजन होतं, पावती निघते. एवढा चोख पुरावा आणखी कुठल्या धंद्यात असंल? तरी गेटवर कुणी अडवत नाही, कारण गव्हाण रिकामी राहता कामा नये.

वाहतूकदार म्हणंल, टनावर पैसे मिळतात, ट्रॅक्टरचा हप्ता आहे, मुकादमाला उचल दिलेली आहे, कमी भरून परवडत नाही. खरं आहे. म्हणूनच मी डायव्हरला बोलत नाही. दर टनावर आणि जोखीम त्या पोरावर, हा व्यवहार ज्यांनी ठरवला त्यांनी बदलावा. करार करताना ट्रॉलीला ब्रेक आहे का, हे कागदपत्रांबरोबर तपासा. दांडी दाबली गेली की आपोआप लागणारे ब्रेक असतात, ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकवर चालणारे पण असतात. त्याचा खर्च कारखान्यानं उचल म्हणून द्यावा आणि हंगामात कापून घ्यावा. मुकादमाला लाखांनी उचल देता येते, मग ब्रेकला का नाही?

कृषी अभियांत्रिकीवाले इथं वाचत असतील तर माझा हिशोब तपासा, चुकलं असंल तर खाली सांगा.

आणि आपण शेतकऱ्यांनी तरी, उद्या फडावर ट्रॅक्टर आला की दोन्ही पेडलची कडी जोडली आहे का ते बघा. उतारावर न्यूट्रल करू नको म्हणावं, ज्या गिअरात चढवलं त्याच गिअरात उतरव. वरच्या आठ-दहा मोळ्या बांधावर राहिल्या तर राहू द्या, दुसऱ्या खेपेला जातील.