विश्लेषण : ई-मेल सर्व्हर स्वतःचा असावा का?

मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीच्या कर्मचाऱ्यांना जुलै २०२५मध्ये आपल्याच कंपनीचा ई-मेल उघडेना. युरोपीय संघाने १८ जुलैला कंपनीवर निर्बंध लादले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली. पैसे भरूनही पत्रव्यवहाराची किल्ली दुसऱ्याकडेच असते, हे यानिमित्ताने दिसले. मग छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातील एखाद्या छोट्या कार्यालयाने स्वतःचाच सर्व्हर ठेवला तर?

उभारायला काय लागते?

फारसे काही नाही. लिनक्स, मेलसाठी पोस्टफिक्स व डोव्हकॉट, संकेतस्थळासाठी एनजिनएक्स हे सारे मोफत आहे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’चे सुरक्षा प्रमाणपत्रही फुकट मिळते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उस्मानपुऱ्यातच असल्याने जाणकार मिळणेही कठीण नाही. इंटरनेट कंपनीकडून कायमस्वरूपी आयपी पत्ता मात्र घ्यावा लागतो. वीज गेली तर संकेतस्थळ लगेच बंद पडते. मेलचे तसे नसते. पाठवणारा सर्व्हर साधारणपणे काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

मग अडचण कुठे?

अडचण मेल पाठवताना येते. गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४पासून नियम कडक केले. ‘एसपीएफ’ म्हणजे या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्याची यादी. ‘डीकेआयएम’ ही प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. या दोन्ही तपासण्यांत मेल नापास झाला तर त्याचे काय करायचे, हे ‘डीमार्क’ सांगते. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे आहेत. आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव कळेल अशी उलटी नोंदही लागते आणि ती बहुधा इंटरनेट कंपनीच करून देते. अनेक क्लाउड कंपन्या मेल बाहेर पाठवण्याचे पोर्ट २५ मुळातच बंद ठेवतात. सगळे नीट करूनही नव्या पत्त्यावरचे कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडू शकते.

हल्ला किती लवकर होतो?

‘एक्झिम’ या मेल सॉफ्टवेअरमधील गंभीर त्रुटी ५ जून २०१९ रोजी उघड झाली. ९ जूनपर्यंत हल्ले सुरूही झाले होते. विशेष म्हणजे, त्रुटी नसलेली ४.९२ ही आवृत्ती फेब्रुवारीपासून उपलब्ध होती. ज्यांनी अपडेट केले ते वाचले. सेंटओएस ७ या लोकप्रिय लिनक्सचे अपडेट तर ३० जून २०२४ रोजी थांबले. आजही त्यावर चालणारा सर्व्हर म्हणजे कुलूप नसलेले दार.

कायदा काय सांगतो?

‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. यंत्रणांच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपाव्या लागतात. हे कंपन्यांनाही लागू आहे. सर्व्हर स्वतःचा असेल तर ही जबाबदारीही स्वतःचीच.

किमान काळजी कोणती?

- सुरक्षा अपडेट आपोआप बसतील अशी व्यवस्था.
- सर्व्हरवर दुरून लॉगिन पासवर्डने नव्हे, एसएसएच कीने.
- गरजेपुरतीच पोर्ट उघडी. वारंवार चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्यांना रोखण्यासाठी ‘फेल२बॅन’.
- आपला सर्व्हर कोणाही परक्याचा मेल पुढे पाठवत नाही ना, याची तपासणी. अन्यथा स्पॅमवाले तो वापरतात आणि पत्ता काळ्या यादीत जातो.
- बॅकअप दुसऱ्या जागी, आणि तो परत उघडतो का याची अधूनमधून चाचणी.

मग निर्णय काय घ्यावा?

सर्व्हर एका दिवसात उभा राहतो. रविवारी रात्री तो बिघडला तर पाहणार कोण, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एकाच माणसाचे नाव असेल आणि उद्या तो पुण्याला नोकरीला गेला, तर कार्यालय पुन्हा परावलंबीच. अशा ठिकाणी संकेतस्थळ स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर आणि मेल व्यावसायिक सेवेकडे, ही विभागणी व्यवहार्य ठरते. मात्र दोन गोष्टी कोणाच्याही हवाली करू नयेत. डोमेनची नोंदणी कार्यालयाच्याच नावावर हवी आणि सर्व मेलची ताजी प्रत स्वतःकडे हवी. उद्या सेवा बंद झाली, तर डोमेन दुसऱ्या सेवेकडे वळवून तोच पत्ता पुन्हा सुरू करता येतो. जुना पत्रव्यवहारही हाताशी राहतो.