पाण्याचा ताळेबंद

आमच्या लहानपणी पेठेतल्या वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच नळ होता. त्याच्या तोंडाला आई धुतलेलं फडकं बांधायची आणि पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की हंड्यात तुरटी फिरवायची. आज माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी शुद्ध करणारं यंत्र आहे. त्याच्या देखभालीचे पैसे मी दरवर्षी न चुकता भरतो. पण नळाला पाणी कसं येतं, याची चौकशी कित्येक वर्षांत केलेली नाही. बहुतेक वाचकांचीही हीच कबुली असेल.

जानेवारी २०२५मध्ये या बेफिकिरीला धक्का बसला. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. हातापायांतली शक्ती जायची. काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागलं, काही दगावले. अनेकांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. तो दूषित अन्नपाण्यातून पोटात जातो, जुलाब होतात आणि क्वचित शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. संशयाची सुई पाण्याकडे वळली.

ही गावं खडकवासल्याच्या अगदी जवळची. बहुतांश पुण्याची तहान भागवणारं धरण उशाशी. पण तिथल्या कित्येक घरांत धरणातून विहिरीत आलेलं पाणी नुसतं क्लोरिन मिसळून पोहोचत होतं. मध्ये शुद्धीकरण केंद्रच नव्हतं. धायरी २०१७मध्ये महापालिकेत आली, नांदेड आणि किरकटवाडी २०२१मध्ये. इमारती भराभर उठल्या, शुद्ध पाणी मागे राहिलं. लोक टँकर आणि 'आरओ'च्या जारवर विसंबले, तर तपासणीत त्यातलंही काही पाणी पिण्यास अयोग्य निघालं.

बँकेत शाखा तपासायला गेलं की मुख्य कार्यालयाचा ताळेबंद पाहून भागत नसे; कॅशियरच्या गल्ल्यातली रोकड मोजावी लागे. पाण्याचंही तसंच आहे. पर्वतीच्या केंद्रातून निघताना पाणी शुद्ध असेलही. पण पुरवठा काही तासांपुरता असला, की तो थांबताच वाहिनीतला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. म्हणून हिशेब तोटीवरच व्हायला हवा. आयएस १०५०० हे भारतीय मानक सांगतं, की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच सापडता कामा नये आणि क्लोरिन घातलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावं. क्लोरिनची तपासणी तर दोन मिनिटांची: औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा.

हे आकडे दर आठवड्याला प्रभागवार जाहीर व्हावेत, एवढीच मागणी आहे. ठेवीदार पासबुक मागतो, तसं पाणीपट्टी भरणाऱ्यानं हे मागावं. पण मागणार कोण? ज्यांचा आवाज महापालिकेत ऐकला जातो, त्यांनी यंत्रं विकत घेतली आणि तक्रार सोडून दिली.

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी जाताना यंत्राच्या पाण्याची एक बाटली भरून नेतात, नातवासाठी. मी कधी नको म्हटलं नाही, आणि मनातल्या मनात स्वतःला उदारही समजत आलो. खरं तर त्या बाटलीची मला लाज वाटायला हवी होती. ती त्यांच्या घरच्या नळावर निर्धास्त भरता येईल, त्या दिवशी या शहराचा ताळेबंद जुळला असं मी म्हणेन.